सोमवारची सुट्टी आणि भिलारची ओसरी

26 जानेवारी सोमवारी आली की पुण्यातल्या निम्म्या गाड्या शनिवारी सकाळी खंबाटकीच्या चढावर एकमेकींना चिकटून उभ्या असतात. त्यातल्या बहुतेक पुढे सुरूर फाट्याला वळून वाई-पाचगणी-महाबळेश्वरकडे लागतात. यंदा त्या रांगेत मी, आई आणि माझा बारा वर्षांचा भाचा असे आम्हीही होतो. आईची अट एकच होती, तिला एकही 'पॉइंट' दाखवायचा नाही. महाबळेश्वरचे पॉइंट तिने लग्न झाल्यावर बघितलेत आणि दरी काही तेव्हापासून जास्त खोल झालेली नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हा पाचगणीच्या पुढे भिलारला जायचं, तिथल्याच एका घरात उतरायचं, आणि वाचन, जेवण, झोप यांपलीकडे काही करायचं नाही असं ठरलं.

वाईला मिसळ खाल्ली. बरी होती, तिखटाच्या मानाने चव कमी. पण वाचायला निघालेल्या माणसाने वाईत दहा मिनिटं तरी थांबावंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश याच गावात आकाराला आला, पहिला खंड 1976 साली निघाला. कृष्णेच्या घाटाशेजारी बसून 'अ'पासून सगळ्या जगाची नोंद करायला घेणं, याला काय छाती लागत असेल! भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे कागदावरचं विकिपीडिया?" आईने त्याच्याकडे असं बघितलं की पसरणी घाट संपेपर्यंत तो गप्प होता.

भिलार हे 'पुस्तकांचं गाव' 4 मे 2017 रोजी झालं. राज्य सरकारची योजना, काम बघते राज्य मराठी विकास संस्था. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली. पण तिथे रिचर्ड बूथ यांच्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव उभं राहिलं, आणि भिलारला पुस्तक विकत मिळत नाही. इथे ते लोकांच्या घरात आहे. सुरुवातीला 25 ठिकाणी मिळून सुमारे 15,000 पुस्तकं ठेवली. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या पुढच्या खोलीत, देवळात, शाळेत. एका घरात कविता, दुसरीकडे कादंबऱ्या, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रं. बाहेर पाटी, भिंतीवर त्या-त्या विषयाचं चित्र. चपला काढायच्या, आत जायचं, कपाटातून हवं ते काढून बसायचं. पैसे पडत नाहीत.

सरकारी योजना म्हटल्यावर माझ्या मनात जे चित्र येतं, कुलूपबंद कपाट, उद्घाटनाची कोनशिला आणि किल्ली असलेला माणूस रजेवर, ते घेऊनच मी गेले होते. पहिल्याच घरात एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी दारात घुटमळले तर म्हणाल्या, "या की आत. बसा निवांत. मला काय न्हाय अडचन." आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. पुढचा तास-दीड तास त्यांनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. मधे एकदा आतून फोडणीचा वास आला, कुणीतरी मोटार चालू करायला सांगितलं, शाळेतून पोरगं आलं आणि दप्तर टाकून गेलं. वाचनालयात 'शांतता राखा' असं लिहिलेलं असतं. इथे कुणी राखत नाही, तरी माझं वाचन कधी नव्हे इतकं सलग झालं. घरातल्या आवाजांत वाचायची आपल्याला लहानपणापासूनची सवय असते, ती मोडलेली नसते बहुतेक.

कपाटांबद्दल मात्र खरं सांगायला हवं. सगळीकडे सारखी मजा नाही. एका घरात पुस्तकं विषयानुसार नीट लावलेली, तर दुसऱ्या ठिकाणी एकाच पुस्तकाच्या चार प्रती शेजारी-शेजारी आणि जो खंड हवा तो गायब. हाताळून सैल झालेली पानंही दिसली. मला तो चांगला गुण वाटला.

आईने दिवाळी अंकांचं कपाट गाठलं आणि ती तिथून हललीच नाही. दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने 1909 साली सुरू केली हे तिला माहीत आहे आणि दर दिवाळीत ती ते आम्हाला ऐकवतेही. तिला तिथे 'आवाज'चे जुने अंक मिळाले. त्यातली ती प्रसिद्ध खिडकीचित्रं! वरच्या पानाला कापलेली खिडकी, त्यातून दिसणारं भलतंच काहीतरी, आणि पान उलटलं की निघतं ते अगदी सोज्वळ. भाच्याला ती दाखवावीत की नाही यावर आईचा क्षणभर विचार चालला होता, तोवर त्याने तिच्या खांद्यावरून चार पानं उलटली होती. दोघं हसत होती. पोराने फोन किती वेळ बाजूला ठेवला ते मी मुद्दाम मोजलं नाही. मोजल्याचं कळलं असतं तर त्याने लगेच उचलला असता.

आता जेवणाचं. आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या काकूंनी आधीच विचारलं होतं, "भाकरी ज्वारीची का नाचणीची?" रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, घेवड्याची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाफाळता भात. पिठलं भांड्यातून ताटात पडताना किंचित थरथरतं, तितकंच घट्ट. जानेवारीत तिथे संध्याकाळनंतर अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि तरी हात बगलेत अशी थंडी असते. अशा वेळी चुलीशेजारी बसून गरम भाकरी मोडायची यापुढे हॉटेलातलं पंजाबी-चायनीज कुणाला सुचतं, हे एक कोडंच आहे. पण पाचगणीच्या रस्त्यावर त्याच्याच पाट्या जास्त.

काकूंच्या घरची स्ट्रॉबेरी. रविवारी सकाळी काका आम्हाला वावरात घेऊन गेले. उंच गादीवाफे, त्यावर माती झाकणारा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, खालून ठिबक. पेपरला भोकं पाडून सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावायची. फळ पेपरवर टेकतं, मातीला लागत नाही म्हणून सडत नाही. मदर प्लांट परदेशातून येतात, त्यांच्यापासून इथे रोपं तयार होतात. विंटर डॉन लवकर येते, नाभिला टिकते, असं काका जातींबद्दल बोलत होते, गावातल्या पोरांच्या स्वभावाबद्दल बोलावं तसं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्यांना अभिमान आहे. बाजारभावाचा विषय काढल्यावर मात्र ते ठिबकची नळी तपासायला गेले.

त्यांच्याकडून एक गोष्ट नीट समजली. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडली की गोडी वाढायची थांबते. रंग नंतर चढेल, पण साखर नाही. लांबच्या बाजाराला जायचं फळ वाटेत मऊ पडू नये म्हणून देठाशी पांढुरकं असतानाच तोडून पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, भरतात. आपण पुण्यात 'यंदा आंबटच आहे' म्हणून नाक मुरडतो ते हे फळ. झाडावर देठापर्यंत लाल झालेलं, सकाळच्या गारव्यात तोडून तिथेच तोंडात टाकलेलं फळ वेगळ्याच जातीचं वाटतं. आंबट निघालीच तर मीठ-तिखट लावून खायची, हा काकूंचा सल्ला. क्रीमपेक्षा मला हे जास्त आवडलं. क्रीम घातलं की सगळ्याच स्ट्रॉबेऱ्या सारख्या लागतात.

रविवारी दुपारी गर्दीने गाव गाठलं. गाड्या, सेल्फी स्टिक, भिंतीवरच्या चित्रांपुढे रांगा. एक कुटुंब आम्ही बसलो होतो त्या ओसरीवर आलं, चौघांनी एकेक पुस्तक हातात धरलं, फोटो झाला, पुस्तकं होती तशी उलटी टेबलावर टाकून मंडळी निघाली. त्यांच्या मागे घरातल्या सूनबाई आल्या आणि काही न बोलता चारही पुस्तकं जागेवर लावून गेल्या. रोज किती वेळा हे करत असतील? पुस्तकाच्या गावात राहणं म्हणजे दिवसभर परक्या माणसांच्या मागून आवरत राहणंही आहे, आणि ते काम फुकट आहे. काही घरांना राहायला-जेवायला येणाऱ्यांमुळे चार पैसे मिळतात, सगळ्यांना नाही. म्हणून माझं सरळ मत: भिलारला जाणार असाल तर मुक्काम करा, नाहीतर निदान तिथेच जेवा. आणि पुस्तक कपाटात परत ठेवा, हे खरं तर लिहावं लागू नये.

पुढच्या टप्प्यात आणखी गावं निवडलीत: औदुंबरजवळचं अंकलखोप, गोंदियातलं नवेगाव बांध, वेरूळ, आणि 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले. पोंभुर्ले कोकणात, म्हणजे तिथे वाचताना भाकरीऐवजी घावणे. भाच्याला ही कल्पना पसंत आहे.

सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. आम्हीही मागे उभे राहिलो. नंतर गवती चहा घातलेला चहा आणि पोहे. निघायच्या वेळी आई दिसेना. ती दिवाळी अंकांच्या घरात होती, एक दीर्घकथा निम्म्यावर होती आणि अंक घरी न्यायची सोय नाही. "अगं, फोटो काढून घे पानांचे," मी म्हटलं. तिला ते चोरीसारखं वाटलं. तिने पर्सच्या मागल्या कप्प्यातल्या पावतीवर अंकाचं साल आणि पान क्रमांक लिहून घेतला.

मंगळवारी सकाळी तिने पेठेतल्या आपल्या लायब्ररीत फोन केला. त्या वर्षीचा अंक त्यांच्याकडे नाही. स्ट्रॉबेरी मार्च-एप्रिलपर्यंत असते, असं ती काल जेवताना दोनदा म्हणाली आहे.