गुलाबी फेस

शनिवारी सकाळी दहानंतर शेजारच्या कृष्णवर्णीय बाईंना फोन करायचा नाही, हे अटलांटात आल्यावर दोन महिन्यांत मला कळलं. त्या दिवशी त्यांच्याकडे 'वॉश डे' असतो, म्हणजे नातीला न्हाऊ घालायचा दिवस. सगळा दिवस त्यातच जातो. आधी गुंता सोडवायचा, मग धुवायचं, कंडिशनर लावायचं, पुन्हा गुंता, मग डोक्याचे चार भाग करून एकेका भागातल्या बटा दोन-दोन पेडांत वळायच्या. हे होईपर्यंत दुपारचे तीन वाजतात. पोरगी नऊ वर्षांची, केस स्प्रिंगसारखे. कोरडे असले की कानापर्यंत दिसतात आणि ओले करून ओढले की पाठीपर्यंत येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क "अगं बाई" म्हणाले.

इथं दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. नावाआधी 'मिस' लावतात, मग तिच्या लग्नाला चाळीस वर्षं का झालेली असेनात. आपलं मावशी-काकू जसं, तसंच. म्हणून इथं लिहिताना मी त्यांना मावशीच म्हणणार. मावशींनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. मला त्या 'बेबी' म्हणतात. मी बेचाळीस वर्षांची आहे.

त्या शनिवारी मी नियम मोडून गेले, कारण परसातली मेथी उतू चालली होती. बघते तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर सात बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीसमोर एक प्लास्टिकचा चमचा आणि चमच्याशेजारी कागदाची एक रंगीत पट्टी. मी जागीच थांबले. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं काढली आहेत. ब्लीचिंग करून आलेलं कापड न्यूट्रल झालंय का, हे बघायला दिवसातून पन्नास वेळा हीच पट्टी लावायचो. पीएच पेपर. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'सामू' म्हणतात, आणि माती परीक्षणाच्या कागदावर उसाचे शेतकरी जो आकडा सगळ्यात आधी बघतात, तोच. सात म्हणजे न्यूट्रल, त्याखाली आंबट, त्यावर अल्कली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाटलीवर लिहीत नाहीत ना," मावशी म्हणाल्या. "मग मीच विचारते बाटलीला."

खरं आहे ते. अमेरिकेत शाम्पूच्या बाटलीवर आतल्या जिनसांची यादी छापावीच लागते, पण सामू छापायची सक्ती नाही. एखादी कंपनी 'पीएच बॅलन्स्ड' असं झोकात लिहिते. कुठल्या आकड्याशी बॅलन्स केलंय ते मात्र सांगत नाही. ब्राझीलच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पू तपासून निकाल छापला होता. त्यात ५.५ किंवा त्याखाली भरलेले जेमतेम ३८ टक्के. बाकीचे सगळे त्याच्या वर. आपल्या डोक्याच्या कातडीचा सामू साधारण ५.५ आणि केसाचा त्याहून खाली, ३.६७ च्या आसपास धरतात. सामूत एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे लक्षात ठेवा. ८ चा शाम्पू ५ च्या शाम्पूपेक्षा तीन घरं पुढे नाही, हजारपट अल्कलीकडे झुकलेला आहे.

हे सगळ्यांच्याच केसांना लागू आहे, मग कृष्णवर्णीय बायकाच एवढ्या का बघतात? मंगलोरी कौलांचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. केसावर तशीच खवल्यांची कौलं एकावर एक बसलेली असतात. अल्कली लागली की केस फुगतो आणि कौलं उचकटतात. आंबट काही लागलं की पुन्हा बसतात. माझा केस सरळ आहे, म्हणजे छप्पर सपाट. मावशींच्या नातीचा केस दर दोन-तीन मिलिमीटरला वळतो, शिवाय आडवा कापून पाहिला तर गोल नाही, चपटा. प्रत्येक वळणावर कौलं मुळातच थोडी उघडी. डोक्यातून झिरपणारं तेल माझ्या केसावरून घसरगुंडीसारखं खाली येतं, तिच्या केसात ते पहिल्या दोन वळणांतच अडकतं. म्हणजे आधीच कोरडा, आधीच उघडा केस. त्याला ९ चा साबण लावला की कौलं एकमेकांत अडकतात, गुंता होतो आणि गुंत्यात कंगवा घातला की केस तुटतो. तेव्हा "यांचे केस वाढतच नाहीत" हे जे आपलीही माणसं बिनधास्त बोलतात ते चूक आहे. केस वाढतात हो, तुटतातही तितकेच, म्हणून लांबी दिसत नाही.

मावशींची पद्धत साधी. चमचाभर शाम्पू असेल तर पट्टी थेट बुडवायची. कंडिशनर घट्ट असेल तर थोडं डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करायचं, कारण नळाच्या पाण्याचा स्वतःचा सामू आणि क्षार असतात. खोक्यावर लिहिले असतील तितके सेकंद थांबायचं आणि खिडकीच्या उजेडात रंग जुळवायचा. बल्बच्या पिवळ्या उजेडात हिरवा फसवतो. पट्टीही ० ते १४ वाली घेत नाहीत, अरुंद पल्ल्याची घेतात, म्हणजे ४.५ आणि ५ यांतला फरक दिसतो. आमच्या लॅबला एवढी शिस्त असती तर माझी अर्धी भांडणं वाचली असती.

मी शहाणपणा करायचा ठरवला. पुढच्या शनिवारी घरातला पेनाएवढा डिजिटल मीटर घेऊन गेले. तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. शाम्पूत घातला, ७. कंडिशनरमध्ये घातला, ७. मावशींनी काही न बोलता फडताळातून ॲपल सायडर व्हिनेगर काढून वाटीत ओतलं. मीटर म्हणाला ७.०.

"म्हणजे व्हिनेगर आणि पाणी एकच का गं, बेबी?"

काचेचा इलेक्ट्रोड कोरडा पडला किंवा तडकला की तो सगळ्यालाच सात म्हणतो. हे मी स्वतः ट्रेनी पोरांना शिकवलेलं! त्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचं असतं आणि वापरण्याआधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ज्यांचा सामू ठरलेला असतो अशा द्रावणांवर, लावून घ्यायचं असतं. नात खुर्चीवर बसून खदखदून हसत होती, अर्धं डोकं विंचरलेलं, अर्धं पिंजारलेलं. मीटर मी पर्समध्ये टाकला. पट्टीनं व्हिनेगर तीनच्या आसपास दाखवलं.

माझी इभ्रत थोडी वाचली ती शिया बटरमुळे, म्हणजे केसांना लावायच्या एका आफ्रिकी बियांच्या लोण्यामुळे. नातीनं पट्टी त्या डब्यात खुपसली आणि रंगच बदलला नाही. मी सांगितलं की पाणी नाही तिथं सामू नाही. तेल, तूप, शिया बटर यांना तो मोजायचाच नसतो. "खोबरेल तेलाचा पीएच" असा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका. तीच गोष्ट बेकिंग सोड्याची. तो पाण्यात घालून केस धुवायच्या पाककृती इंटरनेटवर ढिगानं आहेत, पण ते पाणी आठच्या वर जातं. आफ्रिकन ब्लॅक सोप तर नऊ-दहाच्या घरात. साबण म्हटला की तो अल्कलीच, आंबट केला तर साबण राहतच नाही, फाटतो. मावशी तो अंगाला वापरतात, डोक्याला नाही.

मानेवरचे केस विंचरायची वेळ आली तेव्हा नात कळवळली. "किचन, किचन, हळू!" मला वाटलं ओट्यावर काहीतरी सांडलं. मग कळलं, मानेच्या खळगीतल्या, सगळ्यात घट्ट वळलेल्या केसांना कृष्णवर्णीय घरांत 'किचन' म्हणतात. का, ते मावशींनाही ठाऊक नाही. कुणी म्हणतं, पूर्वी स्वयंपाकघरात शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून तिथले केस सरळ करायचे म्हणून.

त्यावरून विषय निघाला रिलॅक्सरचा. मावशींनी चौदाव्या वर्षी तो पहिल्यांदा लावला आणि पुढे तीसेक वर्षं दर सहा-आठ आठवड्यांनी. रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करणारी क्रीम. त्यातलं मुख्य रसायन सोडियम हायड्रॉक्साइड, आमच्या भाषेत कॉस्टिक. सामू १२ ते १४. 'नो-लाय' (लाय म्हणजे कॉस्टिकच) लिहिलेल्या डब्यात सोडियम हायड्रॉक्साइड नसतं, पण दुसरी हायड्रॉक्साइडं असतात, आणि सामू तिथलाच. आदल्या दिवशी डोकं खाजवायचं नाही, नाहीतर ओरखड्यात क्रीम शिरते. कातडीला आधी व्हॅसलीन. मग घड्याळ लावून बसायचं, चुरचुरायला लागलं तरी "अजून दोन मिनिटं" म्हणायचं.

हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण कॉस्टिक केसाला काय करतं ते मी परीक्षानळीत पाहिलंय. कापडात लोकर आहे की सुती, हे ओळखायची जुनी चाचणी आहे. पाच टक्के कॉस्टिकमध्ये नमुना उकळायचा. सुती तसंच राहतं आणि लोकर विरघळून नाहीशी होते. केस आणि लोकर एकाच प्रथिनाचे, केराटिनचे. रिलॅक्सर ही तीच चाचणी, फक्त अर्ध्यात थांबवलेली.

गंमत म्हणजे या धंद्याची एक गोष्टही लोकरीपासूनच सुरू होते. क्लीव्हलंडचे गॅरेट मॉर्गन हे कृष्णवर्णीय संशोधक. शिलाई मशीनची सुई वेगानं चालून लोकरीचं कापड करपू नये म्हणून ते एक द्रव शोधत होते. हात पुसलेल्या लोकरीच्या तुकड्याची लव सरळ झालेली दिसली, मग शेजाऱ्याच्या कुरळ्या कुत्र्यावर करून पाहिलं, असं सांगतात. १९१३ मध्ये त्यांनी केसांच्या क्रीमची कंपनी काढली. पुढे १९२३ मध्ये ट्रॅफिक सिग्नलचं पेटंटही घेतलं.

"पण आम्ही पट्टी तेव्हाही लावायचो," मावशी म्हणाल्या. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं: रिलॅक्सर धुऊन झाला की न्यूट्रलायझिंग शाम्पू लावतात, त्यात रंग बदलणारं द्रव्य असतं. डोक्यात क्रीमचा अंश उरला असेल तर फेस गुलाबी येतो. पुन्हा धुवायचं. पुन्हा गुलाबी. फेस पांढरा येईपर्यंत धुवत राहायचं. "आई म्हणायची, गुलाबी असताना सिंकवरून उठलीस तर केस हातात येतील."

म्हणजे टायट्रेशन! बीएस्सीला आम्ही फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थेंब-थेंब ॲसिड सोडायचो, त्याचे दहा मार्क असायचे. इथं त्याच वेळी हजारो आया स्वयंपाकघरातल्या सिंकवर पोरींच्या डोक्यात तेच करत होत्या आणि त्याला कुणी केमिस्ट्री म्हणत नव्हतं.

मावशींनी रिलॅक्सर सोडून आता बरीच वर्षं झाली. सरळ केलेला सगळा भाग एकदाच कापून टाकतात, त्याला 'बिग चॉप' म्हणतात. मग मूळचे येतील ते केस, म्हणजे 'नॅचरल'. ऑफिसात, शाळेत असे केस चालत नाहीत म्हणून माणसं अडवली जायची. त्याविरुद्ध २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं पहिला कायदा केला, क्राउन ॲक्ट. २०२२ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेचा एक मोठा अभ्यास आला, ३३,४९७ बायकांचा. केस सरळ करणारी रसायनं वरचेवर वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के निघालं, न वापरणाऱ्यांत १.६४. रसायनामुळेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मावशींनी ते कात्रण फ्रिजवर लावलंय. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे. लेबलांवर नाही.

माझं मत विचाराल तर पट्टीचं थोडं कौतुक जास्तच होतं. सामू ५ असून धुण्याची पावडर शोभावी इतका जहाल शाम्पू मी पाहिलाय. कोरडे केस विंचरणं आणि कापसाच्या उशीवर उघड्या डोक्यानं झोपणं यांनी जे नुकसान होतं ते कुठलीच पट्टी दाखवत नाही. म्हणून तर सॅटिनची टोपी घालून झोपतात. पण सातपैकी दोन बाटल्या मावशींनी त्या दिवशी बाजूला काढल्या, एक तर ८ ची निघाली. लेबलवर 'हळुवार, लहान मुलांसाठी' लिहिलेलं होतं. ती आता बाथरूमच्या फरशीसाठी आहे.

परवा त्यांच्याबरोबर 'ब्युटी सप्लाय'मध्ये, म्हणजे केसांच्या सामानाच्या दुकानात गेले. गंगावनांची भिंतच्या भिंत. एका पाकिटावर लिहिलेलं, 'इंडियन रेमी'. आमच्याकडून हरिप्रिया एक्स्प्रेसनं माणसं तिरुपतीला जातात, केस देऊन येतात. माझ्या आत्यानंही दिलेत. तिथल्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर जातात. मावशींनी समजावलं: रेमी म्हणजे सगळ्यांची मुळं एका बाजूला, कौलं एका दिशेनं. स्वस्तातल्या मालात उलटसुलट मिसळलेले असतात, मग गुंता होऊ नये म्हणून ॲसिडमध्ये बुडवून कौलंच काढून टाकतात आणि वरून सिलिकोन फासतात. चार धुण्यांत त्याचा झाडू होतो. मी पाकीट हातात घेऊन उगाच बघत राहिले, जणू आत्याचा केस ओळखू येणार होता.

हे सगळं फोनवर ऐकून आई म्हणाली, "आणि आपल्या शिकेकाईचा किती?" प्रश्न रास्त होता. इंडियन स्टोअरमधून शिकेकाई आणली, रात्री भिजवली, सकाळी उकळली आणि पातेलं घेऊन मावशींकडे गेले. नातीनं मोठ्या ऐटीत पट्टी बुडवली. बाहेर आली ती चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखी. चारही चौकोन तपकिरी. खोक्यावरच्या कुठल्याच रंगाशी जुळेना. आंबटाकडे आहे एवढं चवीनं मी सांगू शकले असते, पण तिथं चवीला मार्क नव्हते.

मावशींनी पातेल्याचा वास घेतला, बोटांवर फेस करून पाहिला, नातीच्या एका बटेला लावून पाहिला. मग कॉफीचा फिल्टर पेपर काढून माझ्या हातात दिला.

"गाळून आण, पातळ करून. पुढच्या शनिवारी. दहाच्या आत ये."