तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्टोबर की एप्रिल?

गोव्यात गणपतीची चवथ आटोपली की सुरू होतं. कुणी म्हापशाच्या बाजारात अडवून विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून: "हिमालयात ट्रेकला जायचंय. दिवाळीत जाऊ की एप्रिलात?" नेपाळातल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला मी दोन्ही ऋतूंत जाऊन आले, एवढाच माझा अधिकार. पण हातात भाजीची पिशवी धरून हे उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहूनच काढते.

सगळे सांगतात ते उत्तर म्हणजे ऑक्टोबर, आणि ते खोटं नाही. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते. मान्सून परततो तो वायव्येकडून, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेपाळातून निघतो आणि आपल्याकडून जायला त्याला महिन्याचा मध्य उजाडतो. म्हणजे फोंड्यात संध्याकाळी गडगडाट करून सरी कोसळत असतात तेव्हा तिकडचं आभाळ कोरं असतं. 3210 मीटर उंचीच्या पून हिलवर मी पहाटे उभी होते. 8167 मीटरचा धौलागिरी इतका जवळ दिसत होता की काही तरी चुकतंय असंच वाटलं.

तरी ऑक्टोबर म्हणजे हमी नव्हे. 2014 साली विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग उत्तरेला सरकले आणि ऐन ऑक्टोबरात 5416 मीटरच्या थोरांग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळाने चाळीसहून जास्त माणसं गेली. शिवाय गर्दी असते. पून हिलखालच्या घोरेपानी गावात आम्हांला खोली मिळाली नाही. जेवणघराच्या बाकांवर, शेगडीभोवती वाळत घातलेल्या मोज्यांच्या वासात आम्ही झोपलो.

त्या वाटेवरच मला दिवाळी लागली. आपल्या नरक चतुर्दशीला नेपाळात कुकुर तिहार असतो, कुत्र्याची पूजा. लॉजच्या दारातल्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा, आणि तो इतका गंभीर बसलेला, जणू सत्कारमूर्ती. तेवढ्यात घरून फोन आला. पलीकडे नरकासुर जाळल्यानंतरचा गोंधळ आणि आईचा आवाज: "फोव (पोहे) कालवलेत, तुझ्या वाटणीचे कुणाला देऊ?" पुढचा तासभर मी कुणाशी बोलले नाही.

आता एप्रिल. डोंगर बघायचेच असतील तर एप्रिल फसवा. जंगलातल्या वणव्यांचा धूर दरीत साचतो. ट्रेक जिथून सुरू होतो त्या पोखरा शहरात दोन दिवस होते, समोर हिमालय आहे हे नुसतं ऐकून होते. वर चढल्यावर सकाळ स्वच्छ मिळते, पण दुपारी ढग भरतात, गाराही पडतात. म्हणून सहाला निघायचं आणि एक-दीडपर्यंत मुक्काम गाठायचा. मार्चमध्ये गेलात तर बेस कॅम्पच्या वाटेवरच्या देउरालीच्या आसपास हिमस्खलनाची भीती असते, तिथे वाटाड्याचं निमूट ऐकावं.

पण लालीगुराँस, म्हणजे तिथला लाल ऱ्होडोडेंड्रॉन! घोरेपानी ते ताडापानी सगळं रानच त्याचं. आपल्याकडे सांवर फुलते तेव्हा झाडाला पान नसतं. इथे पानं गर्द हिरवी आणि त्यांत मुठीएवढे लाल गुच्छ. वर चढत जावं तसा रंग उतरतो, लालाचा गुलाबी, गुलाबीचा पांढरा. आदल्या दुपारच्या गारांनी पाकळ्यांचा सडा पडला होता आणि त्यावरून खेचरं गेलेली. लाल चिखल, त्यात खुरांचे ठसे. माझ्याकडे त्या वाटेचा एकही बरा फोटो नाही, कारण मी खालीच बघत चालले होते.

तर मग कुठला? माझं उत्तर तिथल्या ऋतूवर ठरत नाही, आपल्याकडच्या आधीच्या तीन महिन्यांवर ठरतं. आपण समुद्रसपाटीची माणसं. साडेपाच हजार मीटरवर प्राणवायू इथल्या निम्म्याने मिळतो. त्याची सवय तिथे हळूहळू चढूनच होते, पण गुडघे आणि दम मात्र इथूनच न्यावे लागतात. ऑक्टोबरला जायचं तर तयारी जुलै ते सप्टेंबरात. म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ, रानात जळवा, आणि रोज सकाळी "आज पाऊस आहे, उद्या बघू". मी ऑगस्टात आमच्याच अंगणात घसरले आणि तीन आठवडे घोटा बांधून बसले. त्यानंतर घोरेपानीच्या वाटेवरच्या उल्लेरीच्या पायऱ्या कशा चढले ते माझ्या मांड्यांना विचारा. एप्रिलला जायचं तर तयारी जानेवारी ते मार्चात. पहाटे गार वारा, वाटा कोरड्या, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन डोंगर चढताना उलट मजा येते.

आणि बूट. हे कुणी विचारत नाही, पण सांगतेच. ट्रेकिंगच्या बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो आणि दमट हवेत तो न वापरताही कुजतो. आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेले बूट वरून नवेकोरे दिसतात. माझ्या उजव्या बुटाचा तळवा तिसऱ्या दिवशी छोमरोंगच्या उतारावर मगरीसारखा उघडला. आमच्या भारवाहक दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) न हसता खिशातून सुतळी काढली आणि तो असा बांधला, की परतीपर्यंत टिकला.

मुलांच्या शाळेमुळे दिवाळीचीच सुट्टी मिळत असेल तर खुशाल ऑक्टोबरात जा. पावसात घरातला जिना रोज तीस वेळा चढा-उतरा, शेजारी हसतील. पण रजा तुमच्या हातात असेल तर मी एप्रिलच सांगेन. डोंगर थोडे कमी दिसतील, पण चालताना धाप कमी लागेल. शिवाय मे महिन्यात परत येईपर्यंत मानकुराद आंब्याचा भाव जरा उतरलेला असतो.