झाकलं जाण्याआधी बघून घ्यायचं: जुळे सोलापुरातल्या घराचं बांधकाम

बांधकामात प्रत्येक टप्प्याला काहीतरी कायमचं झाकलं जातं. फूटिंगवर (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायावर) मुरूम पडतो, सळईवर काँक्रीट, पाइपवर गिलावा, गिलाव्यावर रंग. झाकल्यावर चूक दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती फोडूनच काढावी लागते. म्हणून रोज साइटवर तास न् तास उभं राहण्यापेक्षा झाकण पडायच्या आदल्या दिवशी टेप आणि वही घेऊन जायचं, असं मी ठरवलं होतं. जुळे सोलापुरात 40 बाय 60 फुटांचा प्लॉट, तळमजला आणि वर एक मजला, नकाशा आर्किटेक्टकडून खास आमच्यासाठी काढून घेतलेला. त्या कामावर काय तपासलं आणि कुठे अडलं, ते लिहितोय.

नकाशा काढतानाच सोलापूरचं ऊन आणि पाणी धरावं लागतं. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि घर तापवते ती पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा फारसा कामाचा नाही. आम्ही पश्चिमेला जिना, बाथरूम आणि कोठीची खोली घेतली, झोपायच्या खोल्या पूर्व-उत्तरेला ठेवल्या आणि पश्चिमेची भिंत 9 इंची केली. बाकी भिंती 6 इंची आहेत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पाच माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 675 लिटर. तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा यायचं. उजनीच्या पाइपलाइनवर काही बिघाड झाला की अजून लांबायचं. म्हणून संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, 10 बाय 6 बाय 6 फुटांचा घेतला, त्यात साधारण 10 हजार लिटर बसतं. संपाचा खड्डा पायाच्या खोदाईबरोबरच घ्यावा. नंतर खोदायला गेलं तर शेजारच्या फूटिंगखालची माती सुटते. भिंती झाल्यावर बाहेरून भराव घालायच्या आधी संप भरून तीन दिवस ठेवला. एका कोपऱ्यात ओल आली, ती उघडी असल्यामुळे लगेच दुरुस्त करता आली.

सोलापुरात पायाचं काम म्हणजे काळ्या मातीशी गाठ. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत हात जाईल एवढी फट पडते. तिच्यावर टेकलेलं घर दरवर्षी वर-खाली होतं आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. आमच्या प्लॉटवर साडेचार फूट काळी माती, खाली पिवळसर पांढरी माती आणि साडेसहा फुटांवर टणक मुरूम लागला. ओळख अशी की पहार मारली तर ती रुतत नाही, ठणका हाताला बसतो. बारा खड्ड्यांपैकी अकरा तिथे थांबले. ईशान्येच्या खड्ड्यात मात्र जुना भराव निघाला, विटांचे तुकडे आणि राख. मुकादम म्हणाला, "साहेब, सगळे खड्डे एका लेव्हलला घेऊ, पीसीसी जाड टाकू." पीसीसी म्हणजे फूटिंगखाली घालतात तो बिनसळईचा काँक्रीटचा थर. इंजिनिअरनी ऐकलं नाही. तो खड्डा नऊ फुटांपर्यंत नेला. एक फूटिंग जरी सैल जागेवर राहिलं तरी ते एकटंच खचतं आणि त्याला जोडलेल्या बीमला तडा जातो. वाढलेल्या खोदाईचे पैसे द्यावेत, तिथे घासाघीस करू नये.

लाइनआउट, म्हणजे जमिनीवर मारलेली घराची आखणी, तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. कोपऱ्यापासून एका दोरीवर 9 फूट, दुसरीवर 12 फूट खूण करायची, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 15 फूट आलं तर काटकोन. नंतर चारी कोपऱ्यांचे दोन कर्ण मोजायचे. आमचे कर्ण सव्वा इंचाने वेगळे आले. चुन्याची फक्की होती, पुसून परत मारली.

जोत्यात भराव कसला पडतो, तिकडे माझं सगळ्यांत जास्त लक्ष होतं. खोदाईतून निघालेली काळी माती समोरच ढीग घालून पडलेली असते आणि ती आत लोटली की मुरमाचे पैसे वाचतात. नव्या घरांतल्या फरश्या दोन-तीन वर्षांत बसतात, स्कर्टिंगखाली फट दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ती माती आधी उचलायला लावली, मगच मुरमाचा पहिला डंपर आत घेतला. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुम्मसने ठोकून दाबणं. दोन फूट एकदम टाकून वरून पाणी सोडलं तर फक्त वरचा थर दबतो. भराव झाल्यावर वाळवीचं औषध मारलं. क्लोरपायरिफॉस 20 ईसी, एका लिटरला 19 लिटर पाणी, दर चौरस मीटरला 5 लिटर. भिंतीलगतच्या कडेला हात आखडता घेतला जातो, वाळवी येते मात्र तिथूनच.

महापालिकेची जोते तपासणी या टप्प्यावर येते. मंजूर नकाशा आणि जागेवरचं जोतं जुळलं नाही तर पुढे भोगवटा प्रमाणपत्राला अडतं. खोली दोन फुटांनी सरकवावीशी वाटली तर ती कागदावर असताना सरकवा.

सळईबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे भूकंप होत नाही असं बोललं जातं, पण किल्लारी इथून लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट या भागातल्या जुन्या माणसांना आठवते. आमच्या आरसीसी डिझाइनमध्ये भूकंप क्षेत्र 3 धरलं होतं, त्यामुळे रिंगांवर, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या आडव्या कड्यांवर, भर होता. कॉलम 9 बाय 15 इंच, त्यात 16 मि.मी.च्या सहा सळया, 8 मि.मी.च्या रिंगा. रिंगा बीमच्या जोडाजवळ 4 इंचांवर आणि मधल्या भागात 6 इंचांवर. रिंगेचा आकडा (टोकाचा हुक) 135 अंशांत आत वळलेला हवा, शेपूट 3 इंच. फिटर सवयीने 90 अंशांत वाकवतो, कारण ते पटकन होतं. हादरा बसला, वरचं काँक्रीट उडालं की 90 अंशांचा आकडा उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. पहिल्या दिवशी तयार झालेल्या सगळ्याच रिंगा 90 अंशांच्या आकड्याच्या निघाल्या. परत वाकवताना सळई कमजोर होते, म्हणून त्या बाजूला काढल्या आणि नवीन कापल्या.

सळईचं वजन स्वतः ताडून पाहता येतं. मि.मी.मधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, एवढे किलो दर मीटरला. 12 मि.मी.ची 12 मीटरची एक सळई साधारण 10.7 किलो भरायला हवी. गाडी उतरवून घेताना दहा सळया वेगळ्या काढून वजन करावं.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दोन तास सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्यावर) होतो. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे, स्लॅबला 20 मि.मी., बीमला 25, कॉलमला 40. ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले, ते काढायला लावले. खडी घसरते, सळई पत्र्याला टेकते आणि काही वर्षांनी तिथेच गंज चढून छताचा पापुद्रा सुटतो. वरच्या बाजूची सळई माणसं तुडवून खाली बसवतात, तिला खालून आधार द्यायला वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या लागतात, त्याही कमी होत्या. पंख्याचे हुक, इलेक्ट्रिकचे कंड्यूट (तारांच्या नळ्या) आणि पाइपांचे स्लीव्ह (पाइप आरपार जायला काँक्रीटमध्ये ठेवलेल्या नळ्या) मोजून फोटो काढले. फोटोत टेप दिसलाच पाहिजे, नाहीतर नंतर त्याचा उपयोग नाही.

स्लॅब एप्रिलमध्ये आला. हजार चौरस फूट, 5 इंच जाडी, बीम धरून जवळपास 15 घनमीटर काँक्रीट. एम 20 दर्जाच्या काँक्रीटसाठी घनमीटरला सुमारे 8 पोती, म्हणजे 120 पोती सिमेंट. एका पोत्याचा एक घाणा धरला तर 120 घाणे, एका मिक्सरला आठ तास. दुपारच्या उन्हात स्लॅब नको होता, म्हणून दोन मिक्सर लावून पहाटे पाचला लाइट लावून सुरू केलं आणि दहाच्या आत शेवटचा घाणा पडला. माल घमेल्यांनी मोजायचा नाही, कारण भरलेलं घमेलं प्रत्येकाच्या हातात वेगळं असतं. 12 बाय 12 बाय 15 इंचांचा फर्मा करून घेतला, तो बरोबर एका पोत्याएवढा, सव्वा घनफूट. एका पोत्याला दीड फर्मा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), तीन फर्मे खडी आणि जास्तीत जास्त 25 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर पाणी त्याहून कमी.

पाण्यावरूनच वाद होतो. साडेसातच्या सुमारास मिक्सरवरच्या पोऱ्याने अर्धी बादली जास्त ओतली, काँक्रीट आमटीसारखं पळालं आणि खडी मागे राहिली. "पातळ केल्याशिवाय सरकत नाही," हे त्याचं म्हणणं त्याच्या बाजूने खरं होतं, कारण घट्ट माल ओढताना कंबर मोडते. त्याला उपाय पाणी नाही, प्लास्टिसायझर आहे. डब्यावरच्या प्रमाणात ते पाण्यात घातलं की त्याच पाण्यात माल मऊ होतो. तो घाणा स्लॅबवर जाऊ दिला नाही. व्हायब्रेटर दोन ठेवले होते, त्यातला एक मध्येच बंद पडला, दुसरा होता म्हणून काम थांबलं नाही. सुई उभी घालायची, बुडबुडे थांबले की हळू बाहेर काढायची. सळईला टेकवून धरायची नाही. ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे सहा क्यूब (ठोकळे) भरले, तीन 7 दिवसांसाठी, तीन 28 दिवसांसाठी. क्यूबवर तारीख आणि कुठल्या भागातला माल हे लिहिलं.

सोलापूरच्या उन्हात आणि वाऱ्यात पहिले काही तास धोक्याचे. काँक्रीट घट्ट होण्याआधीच वरचं पाणी उडून जातं आणि केसाएवढ्या चिरांची जाळी उमटते. रंधा मारून झालेल्या भागावर लगेच ओलं गोणपाट टाकत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या आळ्या घालून दोन इंच पाणी साठवलं. हजार चौरस फुटांना दोन इंच म्हणजे पावणेपाच हजार लिटर, आणि रोजची वाफ वेगळी. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस, आम्ही 14 दिवस ठेवलं. कॉलमला गोणपाट गुंडाळून तेवढेच दिवस ओलं ठेवलं. टँकरचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा. आमच्या बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडायचं. तपासणीत क्लोराइड जास्त निघाले, त्यामुळे काँक्रीटला ते वापरलं नाही. स्लॅबखालचे टेकू 14 दिवस हलवले नाहीत, लांब बीमखालचे 21 दिवस.

वीटकाम त्यामानाने सोपं. वीट भिजवलेली असावी, दोन विटा आपटल्या की खणखणीत वाजाव्यात, एका दिवसात भिंत चार-पाच फुटांवर चढू नये. बीमखालचा शेवटचा थर आठवड्याने भरावा, तोवर खालची भिंत बसते. कॉलम आणि विटेच्या जोडावर गिलाव्याआधी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोकून घ्या, दोन्ही बाजूंना किमान 4 इंच. हे राहिलं तर तिथे उभी चीर हमखास येते.

सगळ्यांत मोठी चूक प्लंबिंगच्या वेळी होता होता राहिली. बाथरूमची 4 इंची लाइन बाहेर काढायला प्लंबरने जोत्याच्या बीममध्ये छिन्नी लावली आणि एक रिंग उघडी पडली. नकाशात स्लीव्ह दाखवलेली होती, पण ती काँक्रीटच्या दिवशी राहून गेली होती, आणि ते माझ्याही वहीतून सुटलं होतं. काम थांबवून इंजिनिअरना बोलावलं, लाइन बीमखालून वळवली आणि खाच नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरली. तेव्हापासून प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांनाही काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी साइटवर हजर राहायला सांगितलं.

बाथरूमचा खोलगट स्लॅब वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाण्याने भरून, भिंतीवर पेन्सिलीने पातळी आखून 48 तास ठेवला. गच्चीवर वीटबंदीचा कोबा (विटांच्या तुकड्यांवर मसाल्याचा थर), उतार 100 ला 1, म्हणजे 30 फुटांत साडेतीन इंच. एवढी उंची पॅरापेटच्या आत बसते का आणि दरवाजाचा उंबरा त्याच्या वर राहतो का, हे जिना ओतायच्या आधीच पाहावं. वर पांढरं चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी) घेतलं. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पायाने त्यावर चालता येतं, साध्या कोब्यावर पाय ठेवता येत नाही.

पैशांचे हप्ते टप्प्यांना बांधले होते, तारखांना नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी असे, आणि प्रत्येक हप्ता तपासणी झाल्यावर. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, हे करारातच लिहिलं. पहिल्याच पावसात जिन्याच्या टोपीजवळ ओल आली आणि ठेकेदाराने विनातक्रार वाटा (भिंत आणि गच्चीच्या सांध्यातली मसाल्याची गोल कड) परत मारून दिला.

राहायला आल्यावर गिझर बसवणारा ड्रिल घेऊन आला. बाथरूमच्या भिंतीचा गिलाव्याआधीचा फोटो काढला, त्यात टेप होता. गरम पाण्याची लाइन कोपऱ्यापासून 14 इंचांवर. त्याने 20 इंचांवर भोक पाडलं.