मॉनिटरचे पोर्ट कोणत्या चिपचे?

लॅपटॉपवर लिनक्स टाकले, पण एचडीएमआय केबल लावूनही मॉनिटर काळाच राहतो, अशी तक्रार पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या आयटीवाल्यांकडून वारंवार येते आणि तोवर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचे सोपस्कार बहुधा उरकलेले असतात. माझे ठाम मत असे की त्याआधी ते पोर्ट कोणत्या ग्राफिक्स चिपला जोडलेले आहे, हे पाहावे.

एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने 2010 मध्ये ऑप्टिमस, म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप वापरण्याची रचना, आणली. या रचनेत लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन सहसा प्रोसेसरमधली चिप चालवते आणि एनव्हिडियाची चिप कामापुरती जागी होते. मात्र अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेले असते, तर यूएसबी-सी कित्येकदा प्रोसेसरमधल्या चिपला. सिस्टीमच्या ‘सिस’ फोल्डरातील ‘क्लास’ आणि त्यातील ‘डीआरएम’ उघडल्यास प्रत्येक पोर्ट आपापल्या कार्डाच्या क्रमांकासह दिसते. कार्डाचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून त्याच्या ‘डिव्हाइस’ फोल्डरातील ‘व्हेंडर’ फाइल वाचावी: 8086 म्हणजे इंटेल, 1002 म्हणजे एएमडी आणि 10डीई म्हणजे एनव्हिडिया.

एचडीएमआयचे नावच यादीत नसेल, तर एनव्हिडियाचे मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, चालणारा भाग) लोड झालेले नसण्याची शक्यता मोठी. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. मॉड्यूल लोड होऊनही चित्र येत नसेल, तर एनव्हिडिया-डीआरएम या मॉड्यूलचा ‘मोडसेट’ हा पर्याय 1, म्हणजे चालू, केलेला आहे ना, ते पाहावे. त्यानंतर प्रोसेसरमधल्या चिपने रेखाटलेली प्रत्येक फ्रेम एनव्हिडियाकडे नेऊन मॉनिटरवर दाखवली जाते. याला रिव्हर्स प्राइम म्हणतात. कोड लिहिण्यासाठी एवढे पुरते, पण जास्त रिफ्रेश रेटच्या मॉनिटरवर ही ने-आण जाणवू शकते, आणि मॉनिटर जोडलेला असेपर्यंत एनव्हिडियाची चिप झोपत नसल्याने बॅटरी लवकर उतरते व पंखा फिरत राहतो. उबुंटू या लिनक्सवर प्राइम-सिलेक्ट या कमांडने एनव्हिडियाला मुख्य चिप करता येते. तरी यूएसबी-सी प्रोसेसरमधल्या चिपचे असेल आणि त्यातून डिस्प्ले निघत असेल, तर ऑफिसच्या कामाला मी तेच सुचवीन.

टिळक रस्त्यावर नवा लॅपटॉप घ्यायला जाताना लाइव्ह लिनक्सचा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि दुकानदाराला विचारून पोर्टांची ही यादी तिथेच पाहून घ्यावी, कारण ही जोडणी खोक्यावर सहसा छापलेली नसते.