एवढं भांडता कशावरून?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या दादरच्या घरी पाच-सहा माणसं जमतात, जॅझच्या रेकॉर्डी लावतात आणि तासाभरात आवाज जिन्यापर्यंत जातो. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारतात, भाची विचारते, आणि परवा तुम्हीही विचारलंत: ऐकायला जमता ना, मग एवढं भांडता कशावरून? दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

आम्ही नावांवरून भांडतो. कोणी वाजवलं, चाल कोणाची, त्या दिवशी तिथे कोण हजर होतं. बाहेरच्या माणसाला हा नुसता कीस पाडणं वाटतो, ते मला कळतं. पण जॅझमध्ये कागदावर फार थोडं असतं. मूळ चाल आपल्या बंदिशीसारखी. ती एकदा मांडायची आणि मग तिच्या चौकटीत ज्यानं त्यानं आपलं म्हणणं मांडायचं. ब्लूजचं आवर्तन बहुतेकदा बारा बारचं असतं, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा. ते फिरून फिरून येतं आणि दर खेपेला वाजवणारा काही नवं बोलतो. आपल्याकडे कोणी ‘काल यमन ऐकला’ म्हणालं, की आपण लगेच विचारतो, कोणाचा? तसंच आहे हे.

मी हार्मोनियमवाली. चाळीस वर्षं शिकवण्या केल्या. जॅझ आमच्या घरात आणलं ते माझ्या भावानं. १९७८ साली मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. त्यामागे निरंजन झवेरींची खटपट होती. भाऊ मला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. अमेरिकेहून सनी रोलिन्स आले होते. त्यांनी सॅक्सोफोनवर एक साधी, लहान मुलाला म्हणता येईल अशी ओळ घेतली आणि तिलाच धरून राहिले. तोडली, उलटी केली, निम्मी म्हणून सोडून दिली, पुन्हा उचलली. मला आमच्या गुरुजींची मुखड्याशी चाललेली झटापट आठवली आणि त्या रात्रीपासून मी या गाण्याची झाले. आमच्यातले आणखी दोघं त्या रात्री तिथे होते. रोलिन्सनी शेवट कशानं केला यावर आम्हा तिघांची तीन मतं आहेत. रंगभवन शांतता क्षेत्रात येतं, त्यामुळे तिथले असे कार्यक्रम पुढे थांबले. ती जागा आता आमच्या भांडणातच भरलेली असते.

आता एक भांडण जवळून दाखवते.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड जॅझ न ऐकणाऱ्यांनीही नावानं ऐकलेली असते. न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीतल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ती दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला. तिचं पहिलं वादन ‘सो व्हॉट’. ते माझ्यासारखीला पटकन कळतं. हार्मोनियमवर पांढरी दोनचा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर फिरा, झाला काफी थाट. त्यावर सोळा बार. मग सगळं बिऱ्हाड अर्धा स्वर वर चढतं, काळी दोनला, तिथे आठ बार. आणि आठ बारांसाठी पुन्हा खाली पांढरी दोन. एवढीच चौकट. सुरुवातीला बास एक प्रश्न विचारतो आणि पियानो दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतो.

आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्यांकडे तिची जुनी एलपी आहे, माझ्याकडे भावाची नंतरची सीडी. एका रविवारी सीडी लावून मी सोबत पेटी धरली तर सूर चपखल बसले. मग एलपी लावली, तर पेटी बेसूर! पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, मधल्या कुठल्याशा फटीत तो सा होता. मी पेटीला दोष दिला, बँकवाल्यांनी माझ्या कानाला. प्रकरण बरंच तापलं. काकांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत वडील माणसानं, मग कारण सांगितलं. २ मार्चला मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. त्या दिवशी झालेली तिन्ही वादनं पहिल्या बाजूवर आहेत, म्हणून पहिली बाजू चढी आणि दुसरी सुरात. जोडीला चालू ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून १९९२ मध्ये दुरुस्ती झाली. म्हणजे तेहेतीस वर्षं जगानं जे ऐकलं, ज्याच्यासोबत घराघरांत पोरं वाद्यं घेऊन शिकली, ते जरा चढंच होतं.

बँकवाले म्हणतात, तेच खरं, कारण तेच ऐकलं गेलं. मी म्हणते, त्या खोलीत जे वाजलं ते खरं. मी मागे हटणार नाही.

त्याच रेकॉर्डवर ‘ब्लू इन ग्रीन’ आहे. त्यावर नाव माइल्स डेव्हिसचं. पियानो वाजवणारे बिल इव्हान्स पुढे सांगत राहिले की चाल आपली आहे. डेव्हिसनी आपल्या आत्मचरित्रात सगळं श्रेय स्वतःकडेच ठेवलं. यावर आमच्याकडे एकदा चहा गार झाला, दुसऱ्यांदा केला, तोही गार झाला. मला विचाराल तर त्या पियानोची चालण्याची पद्धत ऐकल्यावर मला शंका उरत नाही, ती इव्हान्सची आहे.

काकांची एक वही आहे, ती तुम्ही पाहायला हवी. कॉलेजात असताना ते रात्री शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा जॅझ तास ऐकायचे. विलिस कोनोव्हर १९५५ पासून तो सादर करत. परदेशातल्या माणसाला समजावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा बोलत. काका कानावर पडतील तशी नावं देवनागरीत टिपून घ्यायचे. ‘थिलोनस मंक’, ‘चाली पारकर’, ‘डिझी गिलास्पी’, म्हणजे थेलोनियस मंक, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी. आवाज खरखरला की नावाच्या जागी टिंबं. कुठे नुसतं ‘बासवाला उत्तम, नाव गेलं’. त्या ‘नाव गेलं’च्या जागा भरायला त्यांना पुढे कित्येक वर्षं लागली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये पाकिटांच्या पाठी वाचून वाचून त्यांनी एकेक नाव भरलं, वेगळ्या शाईनं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा काका आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते.

अमेरिकेत निदान पाकिटाची पाठ होती. आपल्याकडे तेही नव्हतं, आणि आमची सगळ्यांत कडाक्याची भांडणं तिथलीच आहेत.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आले. अशा बँडांचं ऐकून, पुढे त्यांच्या जोडीनं वाजवून मुंबईतले गोव्याचे वादक जॅझ शिकले. त्यांची बोटं आधीच तयार होती. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना सोल्फेज (त्यांची सरगम) आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे स्वरलिपी भराभर वाचणारी माणसं इथे आली ती बहुतेक तिथूनच. धोबीतलावला गावागावाच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या खोल्या होत्या. खाट भाड्यानं घ्यायची, पेटाऱ्यात वाद्य, आणि रात्री हॉटेलात बँड. दारूबंदी आल्यावर हॉटेलांची रौनक उतरली आणि फिल्मी स्टुडिओंचं काम वाढलं. तुमच्या-आमच्या लाडक्या गाण्यांत जॅझ शिरलं ते या माणसांच्या हातून. आल्दोणाचे अंतोनियो वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांसोबत होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’तलं १९५१ चं संगीत ऐका, अण्णांची, म्हणजे रामचंद्रांची, चाल आणि त्या मंडळींचा वाद्यमेळ वेगळे काढून दाखवता येतात का बघा. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचला. पडद्यावर मोठं नाव संगीतकाराचं. पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं, दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याचं नाव यायचंच नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आमच्यात एक गोव्याचे आहेत, बार्देसचे. त्यांचे वडील असेच दुसरे ट्रम्पेटवाले. मुलाची पक्की खात्री की एका फार गाजलेल्या गाण्यात मधल्या तुकड्यात ऐकू येतो तो वडिलांचा ट्रम्पेट. गाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते सिद्ध झालेलं नाही आणि त्यांचीही तशी इच्छा नाही. बँकवाले वर्षानुवर्षं म्हणत आलेत, पुरावा दाखवा. ‘म्हज्या पायचें वाजप म्हाका कळना?’ म्हणजे माझ्या वडिलांचं वाजवणं मला कळणार नाही का, असं गोयंकार उसळून म्हणतात, आणि पुढचा अर्धा तास कोणी कोणाचं ऐकत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी वडिलांची खिशातली डायरी आणली. कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले, पानांवर पिवळे डाग. डाग कसले म्हणून मी वास घेतला तर ते म्हणाले, पिस्टनचं तेल. वाजवता वाजवता ट्रम्पेटची खटकी अडकू नये म्हणून घालतात ते, त्याच बोटांनी डायरी लिहिलेली. रोमी लिपीत बारीक अक्षर. वार पोर्तुगीज: सेगुंदा, तेर्सा, क्वार्ता. मग स्टुडिओ: फेमस, मेहबूब, फिल्म सेंटर. मग तास, मग मिळालेले रुपये. गाण्याचं नाव कुठेच नाही. आधी मला वाटलं, लिहायचा कंटाळा. पण तसं नव्हतं. वादकासमोर फक्त त्याच्या वाद्यापुरता कागद यायचा, काम झालं की तोही परत गोळा व्हायचा. शब्द नसायचे, कित्येकदा चित्रपटाचं नावही नसायचं. आपण काय वाजवून आलो हे त्या माणसाला पुढे कधीतरी इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओवर कळत असणार.

एका पानावर मात्र रुपयांच्या खाली हातानं पाच रेघा मारलेल्या आणि चार बार लिहिलेले. जपून ठेवावेसे वाटले असतील. मी पेटी ओढली आणि वाजवले. आम्ही गाणं लावलं. सूर जुळेनात, सगळं एक स्वर वर. गोयंकार काही बोलले नाहीत, नुसते खिडकीकडे बघत बसले. काकाच म्हणाले, ‘बाई, ट्रम्पेटचा कागद आहे तो. एक पूर्ण स्वर वर लिहितात. तिथे पांढरी एक लिहिलेली असली की वाजते मागची काळी पाच.’ मी सगळं एक स्वर खाली घेतलं. पुन्हा गाणं लावलं, सुई त्या मधल्या तुकड्यावर टेकवली. पहिला बार जुळला, दुसरा जुळला, तिसराही. चौथ्यात रेकॉर्डवरचा ट्रम्पेट वर जातो आणि कागदावरचा खाली उतरतो.

‘खालचा म्हणजे दुसरा ट्रम्पेट,’ गोयंकार म्हणाले. ‘वरचा पहिला. पाय दुसऱ्या ट्रम्पेटवरच असायचे.’

बँकवाले म्हणाले, ‘अशी ओळ त्या काळच्या दहा गाण्यांत निघेल. शिवाय या रेकॉर्डचा वेग तरी बरोबर आहे कशावरून?’ आणि हे म्हणताना त्यांनीच सुई उचलून पुन्हा त्या जागी ठेवली. कान लावून, डोळे मिटून ते वरच्या आवाजाखालचा दुसरा आवाज शोधत होते. आम्ही ते तीन-चार सेकंद त्या दिवशी किती वेळा वाजवले मोजलं नाही. मला दोनदा खाली उतरणारा सूर ऐकू आल्यासारखा वाटला. बँकवाल्यांना नाही आला. ते खोटं बोलणारे नव्हेत.

वडिलांचा ट्रम्पेट गोयंकारांनी अजून जपून ठेवलाय, मधला पिस्टन अडकलेला. तो दुरुस्तीला दिलाय. पुढच्या रविवारी तयार होऊन येईल, मग आम्ही ते चार बार ट्रम्पेटवरच वाजवून पाहणार आहोत. चार वाजता या. जिन्यात आवाज आला तर समजा, सुरुवात झाली.