पायरसी चोरी आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

"पायरसी म्हणजे चोरीच ना? हो की नाही, एवढंच सांगा." हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या सुरावरूनच कळतं. ज्याने कालच एखादी मालिका फुकट डाउनलोड केली, त्याला "काही बिघडत नाही" असं ऐकायचं असतं. ज्याने तीच मालिका पैसे भरून पाहिली, त्याला पहिल्याचा निषेध हवा असतो. मी पूर्ण उत्तर द्यायला लागले की दोघंही मध्येच तोडतात: म्हणजे तुम्ही चोरांच्या बाजूच्या, नाहीतर म्हणजे तुम्ही कंपन्यांच्या बाजूच्या. मी दोन्ही नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी तो शब्द. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे परवानगीशिवाय छापून विकलेल्या रेकॉर्ड्सचं प्रकरण आलं. चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध जो कायदा आहे तो या रेकॉर्ड्सना लागत नाही, असा निकाल लागला. कॉपीराइटचा भंग आणि चोरी या वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचं नाव दुसरीला सहज देता येत नाही, हे त्यामागचं कारण. हा निकाल लोक मला मोठ्या उत्साहाने ऐकवतात आणि अर्ध्यावर थांबतात. चोरी नाही, याचा अर्थ गैर नाही असा होत नाही. कॉपीराइटभंग हा गुन्हा तेव्हाही होता, आजही आहे. तुमची वस्तू नेली तर ती तुमच्याकडे उरत नाही. गाण्याची प्रत काढली तर गाणं उरतं, पण "या अटीवर ऐका" असं म्हणण्याचा करणाऱ्याचा अधिकार उरत नाही. मला हे नुकसान खरं वाटतं. ते चोरीपेक्षा लहान की मोठं, हे मोजायची पट्टी मला सापडलेली नाही.

"मी ते कधी विकत घेतलंच नसतं, मग नुकसान कुणाचं?" या युक्तिवादापुढे मी अडखळते, कारण त्यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक डाउनलोड म्हणजे बुडालेली एक विक्री, हा हिशेब चुकीचाच आहे. पण मी विकत घेतलं नसतं, याचा साक्षीदार एकटा मीच आणि निकाल देणारीही मीच, हे कसं चालेल? "कलाकाराला तसंही काही मिळत नाही" याचंही तसंच. बहुतेक मोठ्या संगीत सेवांवर तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे थेट जात नाही. सगळ्यांची वर्गणी एकत्र होते आणि एकूण काय किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटली जाते. स्पॉटिफायवर तर २०२४पासून बारा महिन्यांत १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदलाच मिळत नाही. २०२३ साली अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते, आणि स्ट्रीमिंगवर काम पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं तर मिळणारा मोबदला हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. वाटप अन्यायाचं आहे, मान्य. पण म्हणून मी माझा वाटाही काढून घेतला तर त्या लेखकाच्या ताटात काय वाढलं?

आता सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या प्रकरणाकडे येते. ते नीट सांगितल्याशिवाय माझी बाजू कुणाला कळणार नाही.

ऑक्टोबर २००५. मार्क रुसिनोविच हा विंडोजच्या अंतरंगातला जाणकार रूटकिट, म्हणजे संगणकात स्वतःला आणि इतर गोष्टी लपवणारा प्रोग्राम, शोधणारं स्वतःच तयार केलेलं साधन तपासत होता. त्याच्याच संगणकावर लपवलेला फोल्डर आणि लपवलेले ड्रायव्हर (विंडोजला यंत्राचे भाग चालवायला मदत करणारे प्रोग्राम) निघाले. माग काढत तो पोचला सोनी बीएमजीच्या एका गाण्याच्या सीडीपर्यंत. ती सीडी त्याने पैसे देऊन विकत घेतलेली होती.

काम असं चालायचं. सीडी आत घातली की विंडोजची ऑटोरन सोय तिच्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करायची. करार समोर यायचा, तुम्ही "मान्य" म्हणायचात, आणि गाणी वाजवणारा प्लेअर बसायचा. त्याच्याबरोबर एक्ससीपी नावाची कॉपी रोखणारी प्रणालीही बसायची, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून सिस्टिम कॉलच्या तक्त्यात, म्हणजे प्रोग्रामांनी विंडोजकडे केलेली मागणी कुठे पोचवायची त्या यादीत, फेरफार करायचा. परिणाम असा की ज्या फाइलचं, फोल्डरचं किंवा प्रोसेसचं नाव "डॉलर-सिस-डॉलर" या अक्षरांनी सुरू होतं, ते संगणकाच्या मालकाला दिसेनासं व्हायचं. कुणाचीही फाइल असो, नाव तसं असलं की अदृश्य. शिवाय एक प्रोसेस दर दोन सेकंदांनी चालू असलेले सगळे प्रोग्राम चाळत बसायची, सीडी संगणकात असो वा नसो. या सगळ्याचा उद्देश एवढाच की घेणाऱ्याने तीनपेक्षा जास्त प्रती काढू नयेत.

काढून टाकायची सोय नव्हती. लपलेल्या फाइली शोधून हाताने पुसल्या, तर सीडी ड्राइव्हच विंडोजमधून नाहीसा व्हायचा. कारण साधं होतं. एक्ससीपीने सीडी ड्राइव्हच्या ड्रायव्हरांच्या साखळीत आपली कडी घातलेली असायची. फाइल पुसली तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्या कडीची नोंद राहायची, विंडोज ती फाइल शोधायला जायची, ती मिळायची नाही, आणि अख्खी साखळी बंद पडायची. नोंद कुठली पुसायची हे ठाऊक असलेला माणूस सुटायचा. गाणी ऐकण्यासाठी सीडी घेतलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं काय कारण?

नोव्हेंबरातच त्या आडोशाचा फायदा घेणारे ट्रोजन, म्हणजे वेष पालटून शिरणारे घातक प्रोग्राम, आले. त्यांनी स्वतःच्या फाइलचं नाव त्याच अक्षरांनी सुरू केलं की झालं, अँटिव्हायरसलाही सहज दिसेनात. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेडिओवर सांगितलं की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी. मग प्रणाली काढून टाकण्याचा उपाय दिला, तोही फॉर्म भरून मागायचा. त्यासोबत ब्राउझरमध्ये बसणारा अॅक्टिव्हएक्सचा भाग मागे राहायचा, आणि कुठलंही वेबपान त्या भागाला सांगून संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकायचं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. म्हणजे रोगापेक्षा औषध घातक. शेवटी ५२ अल्बमांच्या सीडी बाजारातून परत मागवल्या, खटले झाले, आणि तडजोडीत ग्राहकांना जे मिळालं त्यात त्याच गाण्यांच्या, कॉपी रोखणारं कुलूप नसलेल्या एमपीथ्री फाइली होत्या.

त्याच अल्बमच्या एमपीथ्री कुठून तरी फुकट उतरवणाऱ्याला यातला कसलाच त्रास झाला नाही. सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की ऑटोरन सुरूच व्हायचं नाही आणि गाणी सरळ कॉपी व्हायची. असं कुलूप जगात एकाच माणसाने एकदा चुकवलं की पुरतं. पुढे फाइल फिरत राहते. त्यामुळे कुलपाचा काच फक्त त्यालाच होतो, ज्याने पैसे दिले.

कितीतरी वर्षं हे प्रकरण माझ्या बोलण्यातला हुकमाचा पत्ता होता. पाहा, शिक्षा कुणाला झाली? विकत घेणाऱ्याला. मग विकत घेऊ नका. मी असं म्हणत असे, आणि आज ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणवत नाही. त्या ५२ अल्बमांमधल्या गायकवादकांनी रूटकिट लिहिलं नव्हतं. त्यांच्या सीडी वर्षाअखेरीच्या ऐन विक्रीच्या दिवसांत मागे घेतल्या गेल्या. "कंपनीला धडा शिकवायचा" म्हणून फुकट डाउनलोड करणाऱ्याचा फटका आधी त्यांनाच बसला. कंपनीने ग्राहकावर केलेला अन्याय आणि ग्राहकाने कलाकारावर केलेला अन्याय एकमेकांतून वजा होत नाहीत, कारण ते दोन वेगवेगळ्या माणसांवर झालेले असतात. हे मी तेव्हा पाहिलं नाही, पाहायचं टाळलं म्हणा.

आणि तरीही जुना राग गेलेला नाही. आजचं कुलूप रूटकिटइतकं आडदांड नाही, पण काच त्याच माणसाला. वाइडव्हाइन हे व्हिडिओ सेवांचं कुलूप. त्याच्या एल-१ पातळीत चित्राचं उलगडणं चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात होतं, एल-३मध्ये सगळं सॉफ्टवेअरमध्ये. साध्या संगणकावरच्या ब्राउझरला बहुधा एल-३च मिळते, म्हणून अनेक सेवा तिथे पूर्ण दर्जाचं चित्र पाठवत नाहीत; वर्गणी तुम्ही पूर्ण भरलेली असली तरी. एचडीएमआय केबलवर एचडीसीपीची, म्हणजे समोरचं यंत्र मान्यताप्राप्त आहे का याची, तपासणी चालते. जोडणीतला एखादा जुना प्रोजेक्टर तिला उत्तर देऊ शकला नाही की पडदा काळा. आणि विकत घेतलेलं टिकतं का? द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली डिस्कसुद्धा निरुपयोगी झाली, कारण तो गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. कॅलिफोर्नियात २०२५पासून डिजिटल वस्तू परवान्यावरच मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय "विकत घ्या" असं लिहिता येत नाही. बटणावरचा शब्द सुधारला, वस्तू तीच राहिली.

मग पैसे भरलेल्याने स्वतःसाठी एक प्रत काढली तर? डीव्हीडीवरचं सीएसएस कुलूप ४० बिटांच्या किल्लीचं, ते १९९९ सालीच फुटलं. स्वतःची डिस्क स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवण्यात मला गैर दिसत नाही आणि मी ते उघडपणे म्हणते. अमेरिकेत मात्र १९९८च्या कायद्याने, ठरावीक सवलती सोडल्या तर, कुलूप तोडणं हेच बेकायदेशीर. भारतात २०१२च्या दुरुस्तीने हक्कभंगाचा हेतू असेल तरच कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं. मला हे दुसरं जास्त शहाणपणाचं वाटतं.

डिस्क उतरवण्याची खटपट नको म्हणून लोक टॉरेंटकडे, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून थेट फाइली घेण्याच्या पद्धतीकडे, वळतात. "पैसे तर भरलेत, फाइल कुठून का घेईना." पूर्वी मी याला मान डोलवत असे. पण टॉरेंट म्हणजे नुसतं घेणं नाही. फाइलचे तुकडे केलेले असतात. एक तुकडा पूर्ण उतरला आणि त्याचा हॅश (तुकडा अस्सल असल्याची खूण) जुळला की तुमचा क्लायंट, म्हणजे टॉरेंट चालवणारा प्रोग्राम, तो लगेच इतरांना द्यायला लागतो. अपलोड बंद केलं तर समोरचे क्लायंटही तुम्हाला हात आखडून देतात, कारण देवाणघेवाणीवरच ती व्यवस्था उभी आहे. तुम्ही पैसे भरलेत, तुमच्याकडून तुकडा घेणाऱ्याने भरलेत का?

विक्रीतच नसलेल्या वस्तूंचं तर आणखी अवघड आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचं दिसलं. असा गेम कुणी उतरवला तर पैसे द्यायचे म्हटले तरी घेणारा कुणी नाही, आणि अशा लोकांच्या जपलेल्या प्रती नसत्या तर त्यातले काही गेम कायमचे गेले असते. इथे मी पायरसीच्या बाजूने बोलते, आणि बोलताना ठाम असते. पण हे गेम बऱ्याचदा हजारो फाइलींच्या एकाच टॉरेंटमध्ये मिळतात. जुन्या पद्धतीच्या टॉरेंटमध्ये सगळ्या फाइली सलग मांडून तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे तुकड्याची हद्द आणि फाइलची हद्द एक नसते. तुम्ही एकच बंद पडलेला गेम निवडलात तरी त्याच्या दोन्ही टोकांच्या तुकड्यांत शेजारच्या फाइलींचा भाग येतो, तुमच्याकडून पुढेही जातो, आणि शेजारचा गेम कदाचित आजही विक्रीत असतो. नव्या पद्धतीत प्रत्येक फाइलचे तुकडे वेगळे ठेवतात, पण जुने टॉरेंट अजून भरपूर फिरतायत. तो शेजारचा तुकडा पाठवणाऱ्याला मी काय म्हणावं, हे तुम्ही विचारलंत तरी मला आज सांगता येणार नाही.