परांग लाच्या वाटेवर: घोड्याच्या पाठीच्या नोंदी

हिमाचलातील स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावाहून परांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधील त्सो मोरिरी सरोवराकाठच्या करझोकपर्यंत जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर घोड्यासह जाण्याचा बेत अखेर पार पडला. तयारीपासून शेवटच्या मुक्कामापर्यंतच्या नोंदी येथे एकत्र करत आहे. या वाटेची वर्णने पुष्कळ उपलब्ध असल्यामुळे मी घोड्याची पाठ, त्याचे खूर आणि त्याचा श्वास यांबद्दलच अधिक लिहिले आहे. अनेक मुक्कामांच्या रपेटीत स्वाराने खोगिरावरून केव्हा उतरावे, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि बहुतेक नोंदी त्याच्याच अनुषंगाने आल्या आहेत.

पुण्यातील तयारी

पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ५६० मीटर असल्यामुळे विरळ हवेचा सराव येथे होणे शक्य नाही. पाय आणि मांड (घोड्यावरची बैठक) या दोन गोष्टी मात्र येथेच तयार करता येतात. पाठीवर ओझे घेऊन सिंहगड चढण्या-उतरण्याचा सराव आपल्या घोडेस्वारांपैकी बरेच जण करतात. त्यात मी एकच भर घातली आणि ती म्हणजे उतार झपाट्याने, पण गुडघे न दुखवता उतरणे, कारण डोंगरात घोड्याबरोबर पायी चालण्याची वेळ उतारावरच अधिक येते. दुडकीत (संथ धावेत) रिकिबीवर (खोगिराच्या पायकडीवर) उठबस करण्याचा सराव आपण मैदानात भरपूर करतो, परंतु या प्रवासात दुडकी जवळजवळ नसतेच. तासन् तास कदमचालीत (घोड्याच्या साध्या चालीत), कंबर सैल आणि टाचा खाली ठेवून, एका कुशीवर न कलता बसणे हे त्याहून अवघड आहे आणि ते पुरंदरच्या पायथ्याच्या माळांवर एका भीमथडी घोडीवर मी शिकले.

ही घोडी निवडण्यामागे कारण होते. भीमेच्या खोऱ्यातील हे तट्टू बुटके, काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारे आहे. मराठ्यांच्या घोडदळाने त्याच्यावर लांब पल्ल्याच्या मजला मारल्या आणि आजही दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांचा संसार त्याच्याच पाठीवर असतो. स्पितीचा चामुर्ती घोडाही असाच बुटका आणि आखूड पावलांचा असतो. शर्यतीच्या थोरोब्रेड घोड्याच्या लांब ढांगेची सवय झालेल्या स्वाराला या आखूड पावलांशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, तो वेळ घरीच दिलेला बरा.

दोन्ही बाजूंनी चढण्या-उतरण्याचा सराव मी आग्रहाने सुचवेन. आपण शिकतो ते डाव्या बाजूने चढायला, परंतु डोंगराच्या अरुंद वाटेवर ज्या बाजूला डोंगर असेल त्याच बाजूने चढावे-उतरावे लागते, आणि ती बाजू उजवी असू शकते. घोड्यालाही त्याची सवय असावी लागते. खिंडीच्या वाटेवरचे घोडे तसे तयार असतात, पागेतले बहुधा नसतात.

वजनाचे गणित

हा भाग मी सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते. स्वार, खोगीर आणि खोगिराला अडकवलेले सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. हलक्या घोड्यांवर झालेल्या चाचण्यांमध्ये भार २५ ते ३० टक्क्यांवर गेल्यानंतर नाडीचा वेग आणि स्नायूंचा ठणका लक्षणीय वाढल्याचे दिसले आहे. वजनकाटा नसेल तेथे मोजपट्टीने काम भागते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि आलेल्या संख्येला ११,८८० ने भागायचे. उत्तर किलोमध्ये येते.

किब्बरला माझ्या वाट्याला आलेल्या राखी रंगाच्या चामुर्तीचा घेर १५० सेंटिमीटर आणि लांबी १३८ सेंटिमीटर भरली, म्हणजे वजन सुमारे २६१ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे ५२ किलो. माझे वजन ५६ किलो, आणि तेथले खोगीर व त्याखालच्या घड्या मिळून आणखी नऊ किलोंच्या आसपास. म्हणजे मी नुसती बसले तरी भार २५ टक्क्यांवर जाणार होता, आणि तोही चार हजार मीटरच्या वर. हे गणित समोर आल्यानंतर चढ आणि तीव्र उतार पायी, सपाटी खोगिरावर, आणि सपाटीवरही दर तासाला काही वेळ उतरून चालणे, असा नियम मी निघण्यापूर्वीच ठरवला. पाण्याची बाटली आणि कॅमेरासुद्धा पाठीवरच्या पिशवीत न ठेवता सामानाच्या घोड्यांवर दिला, कारण माझ्या पाठीवरचे ओझेही शेवटी त्याच्याच पाठीवर पडते.

किब्बर ते खिंड

पुण्याहून चंदीगड आणि पुढे शिमला, रामपूर, नाको, काझा असा सतलज-स्पितीच्या काठाने जाणारा रस्ता मी मुद्दाम निवडला, कारण त्यात उंची टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीकडून एकदम वर येणे लवकर होते, पण पुढे घोड्याबरोबर चालायचे असेल तर ते परवडत नाही. काझा आणि किब्बर येथे पुरेसा मुक्काम केला. रामपूरला नोव्हेंबरात लवी मेळा भरतो आणि त्या सुमारास तेथे चामुर्ती घोड्यांचाही बाजार असतो. घोडे पाहण्यासाठी पुन्हा जायचे झाल्यास मी तोच काळ निवडेन.

किब्बरच्या पुढे वाट एका खोल घळीत उतरते आणि पलीकडे तितकीच चढते. हा सगळा टप्पा मी पायी केला. घोडेवाल्यांनी दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि छातीचा पट्टा दोन्ही बांधले होते. दुमचीमुळे उतारावर खोगीर मानेकडे सरकत नाही आणि छातीच्या पट्ट्यामुळे चढावर मागे घसरत नाही. तंग (खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा) मात्र त्यांनी एका दमात कधीच आवळला नाही. आधी अर्धवट आवळून घोड्याला दहा-बारा पावले चालवायचे, त्याने श्वास सोडला की एक भोक पुढे, आणि पहिल्या चढापूर्वी पुन्हा एकदा. मी ही पद्धत पुण्यात आल्यापासून काटेकोरपणे पाळते आहे.

खिंड साडेपाच हजार मीटरहून अधिक उंच आहे आणि तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पहाटे बर्फ कडक असतानाच घोडे पुढे काढण्यात आले. उत्तरेकडच्या हिमनदीवर ऊन तापले की खूर खचू लागतात, म्हणून ही घाई आवश्यक असते. माथ्यावर घोड्याच्या जबड्याखालची नाडी मोजली तेव्हा ती मिनिटाला ७६ ठोके होती आणि वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर ५४ वर आली. दीर्घ पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींमध्ये पशुवैद्यकीय तपासणीला ६४ ही मर्यादा धरतात, हे लक्षात घेता मला समाधान वाटले. तिबेटी घोड्यांमध्ये ईपीएएस१ या जनुकातील बदलामुळे विरळ हवेत तग धरण्याची क्षमता आल्याचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि घोड्याच्या हिरड्यांवर बोट दाबून सोडताच दोन सेकंदांच्या आत परतणारा तो गुलाबी रंग पाहताना त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

परे चूचे खोरे

खिंडीपलीकडे परे चू नदीचे रुंद, खडकाळ पात्र लागते आणि खरी रपेट येथेच सुरू होते. ही नदी पुढे तिबेटात शिरून पुन्हा हिमाचलात येते आणि स्पितीला मिळते. तिबेटातील तिच्या पात्रात दरड कोसळून २००४ मध्ये सरोवर साचले होते आणि ते २००५ मध्ये फुटल्याने सतलजच्या खोऱ्यात पूर आला. मोठे प्रवाह ओलांडायचे ते सकाळीच, कारण बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढत जाते. पाण्यात लगाम सैल सोडून, पाय रिकिबीतून मोकळे ठेवून, नजर समोरच्या काठावर लावावी. घोडा स्वतःची वाट स्वतः निवडतो आणि ती आपल्या निवडीपेक्षा बरी असते.

एका मुक्कामी खोगीर उतरवल्यानंतर पाठ पाहिली. घामाने ओल्या, चपट्या झालेल्या केसांच्या मधोमध, कण्याच्या डाव्या बाजूला, आठाण्याच्या नाण्याएवढा कोरडा ठिपका होता. असा कोरडा ठिपका म्हणजे तेथे दाब इतका होता की घामही सुटला नाही, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर तेथेच जखम होते. घोडेवाल्याने बोटांनी चाचपून पाहिले, घोड्याने कातडी थरथरवली पण पाय हलवला नाही. तेथले खोगीर लाकडी चौकटीचे असते, दोन फळ्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि मध्ये हवा खेळते. फळीखालच्या नमद्याला (जाड लोकरी घडीला) सुरकुती पडली होती. त्याने नमदा झटकून उलटा केला, त्या जागेभोवती दुसऱ्या घडीत खळगा सोडला आणि पुढचा टप्पा मी पूर्ण पायी चालले. त्यानंतर खोगीर उतरवताच तळहाताने पाठ तपासणे हा प्रत्येक मुक्कामाचा पहिला नियम झाला, चहा त्याच्यानंतर.

याच गोट्यांच्या पात्रात एका सामानाच्या घोड्याची नाल ढिली झाली. नालबंदीचे साहित्य घोडेवाल्यांच्या झोळीत असतेच. जुने खिळे काढून, खुराची कड कानशीने सारखी करून, नवे खिळे बाहेरच्या बाजूने निघतील असे तिरपे ठोकून त्यांची टोके वळवली आणि घोडा पुन्हा ओझ्याखाली उभा राहिला. आपल्यापैकी प्रत्येकाने हे काम हाताने नाही तरी डोळ्यांनी शिकून घ्यावे.

रात्री घोड्यांना पायबंद घालून चरायला सोडतात. त्सो मोरिरीच्या दक्षिण टोकाच्या कियांगडोमच्या कुरणात रानगाढवांचे, म्हणजे कियांगांचे, कळप आमच्या घोड्यांपासून सावध अंतर राखून चरत होते. तेथून करझोकपर्यंत सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या सरोवराच्या पश्चिम काठाने सपाट वाट आहे आणि ती बहुतांश खोगिरावर झाली. करझोकला पाठ स्वच्छ होती, कोरडा ठिपका पुन्हा उमटला नव्हता आणि चारही नाला शाबूत होत्या.

पुढील काम

आता भीमथडी घोड्यांच्या छातीचा घेर आणि लांबी मोजण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांच्या वजनाची टिपणे हाती असतील तर सह्याद्रीतल्या लांब रपेटींसाठी कोणत्या वजनाच्या स्वाराने किती बसावे, हे अंदाजावर न सोडता ठरवता येईल. सासवडच्या बाजूच्या काही घोड्यांची मापे झाली असून बारामती आणि इंदापूरकडील घोडी पावसाळ्यानंतर मोजायची आहेत. मोजताना घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा असावा आणि घेराची पट्टी श्वास सोडताना वाचावी.